‘सुई नाही, भीती नाही’ म्हणे

परवा रात्री साडेदहाला भाचीचा नांदेडहून फोन. "मावशी, नाकाला फिलर करून घ्यायलेय. हळदीच्या चार दिवस आधीची अपॉइंटमेंट मिळाली, दोन हजार ॲडव्हान्स पण दिला. तू फक्त आईला सांग, सेफ असतंय म्हणून." फोन ठेवते न ठेवते तोच तिने एक रील पाठवली, खाली लांबलचक मजकूर. तो मला नवा नव्हता. त्याच दिवशी सकाळी माहेरच्या ग्रुपवर थोरल्या वहिनींनी तो टाकला होता आणि खाली अंगठ्यांची रांग लागली होती. मी परभणीत २४ वर्षं त्वचारोगाचा दवाखाना चालवते हे त्या ग्रुपमधल्या प्रत्येकीला माहीत आहे. मला विचारावं असं एकीलाही वाटलं नाही. असो.

मजकूर थोडक्यात असा. "सुई नाही, भीती नाही! आता फिलर बोथट कॅन्युलाने. १) टोक बोथट असल्यामुळे ती रक्तवाहिनीत शिरूच शकत नाही. २) आंधळेपणा, कातडी काळी पडणं या सुईच्या जमान्यातल्या गोष्टी. ३) त्यामुळे डॉक्टरच लागतो असं नाही, कोर्स केलेली कोणीही करू शकते. ४) जितकी बारीक कॅन्युला तितकी सेफ. ५) आवडलं नाही तर एका इंजेक्शनात विरघळतं. ६) सूज नाही, काळंनिळं नाही, दुपारी करा, संध्याकाळी हळदीला बसा. अमेरिकेच्या संशोधनात सिद्ध."

आधीच सांगते, मी फिलरच्या विरोधात नाही. स्वतः करते. कॅन्युलाही वापरते, आणि गालासाठी तर सुईपेक्षा तीच हातात घेते. म्हणूनच हा मजकूर वाचून डोकं जास्त फिरलं. धडधडीत खोटं असतं तर हसून सोडलं असतं. हे अर्धं खरं आहे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फिलर म्हणजे कातडीखाली भरायचं जेल, बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचं. खोल गेलेला गाल, ओठ, हनुवटी, नाक असं कुठे कुठे भरतात. आणि ही कॅन्युला म्हणजे सलाईन लावताना हातात राहते ती नव्हे. ही लांब, लवचीक, पोकळ तार असते. टोक गोल आणि बंद, आणि जेल बाहेर पडायचं भोक टोकाच्या जरा मागे, बाजूला.

रविवारी भाची तपोवन एक्सप्रेसने आली. वाद घालण्यापेक्षा मी कॅन्युलाचं एक पाकीट जेवणाच्या टेबलावर फोडलं. २५ गेज (गेज म्हणजे जाडीचं माप), दोन इंच लांब. तिने ती अंगठ्यावर दाबून पाहिली. तार धनुष्यासारखी वाकली, पण टोचली नाही. बाई खूश. "बघ मावशी, म्हटलं होतं ना मी! टोचतच नाही."

"हो ना. मग कातडीतून आत कशी जाणार?"

ती गप्प. मी पाकीट उलटं केलं. आतून दुसरी वस्तू टेबलावर पडली: टोपण लावलेली सुई. चांगली टोकदार, कॅन्युलापेक्षा जाड. आधी या सुईने कातडीला भोक पाडायचं आणि मग त्या भोकातून बोथट कॅन्युला सरकवायची, अशी ही पद्धत आहे. ‘सुई नाही’ म्हणणाऱ्यांच्या पाकिटातच सुई निघते. भोकं कमी पडतात हे कबूल. सुईने दहा ठिकाणी टोचावं लागलं असतं तिथे कॅन्युलाला गालाच्या एका बाजूला एक भोक पुरतं.

आता पहिला मुद्दा, रक्तवाहिनीत शिरूच शकत नाही हा. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना आपण टोकदार सुई घेत नाही. नाडीच्या टोकाला बंद केलेली सेफ्टी पिन लावतो. तिचं गोल डोकं कापडाच्या दोन पदरांमधून सरकत जातं, कापडात घुसत नाही. कॅन्युलाचं तंत्र हेच. वाटेत रक्तवाहिनी आली तर बोथट टोक तिला बाजूला सारून पुढे जातं, बहुतेक वेळा. पण नेफ्यात एखादा टाका आडवा आलेला असला की पिन अडते. हळूच मागे घेऊन बाजूने काढली तर निघते. घाईत रेटली की टाका तुटतो नाहीतर कापड फाटतं. चेहऱ्यातही असे टाके असतात. जुन्या जखमेच्या व्रणात शीर जखडलेली असते, धमनीला फांदी फुटते तिथे ती जागची हलत नाही. माझ्या या भाचीच्या नाकावर दहावीत स्कूटीवरून पडल्याचे तीन टाके आहेत. रीलवाल्या बाईने ते पाहिले होते का? फोटोवरून अपॉइंटमेंट दिली म्हणे.

चौथा मुद्दा इथेच उरकते, कारण तो याच धाग्यातला आहे आणि बरोबर उलटा आहे. गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते. म्हणजे २७ गेज ही २२ पेक्षा बारीक. २०१९ साली शवांच्या धमन्यांवर एक मोजणी झाली: सुई आणि कॅन्युला धमनीची भिंत फोडून आत जायला किती जोर लागतो? जाड कॅन्युलांना सुईपेक्षा बराच जास्त जोर लागला. २७ गेजला आल्यावर मात्र बोथट कॅन्युला आणि टोकदार सुई यांच्यात म्हणावा असा फरकच उरला नाही. बारीक बोथट टोक शेवटी टोकच. म्हणून जाणकार लोक २५ किंवा त्याहून जाड कॅन्युला घेतात. "जितकी बारीक तितकी सेफ" हे ज्याने लिहिलं त्याने दुखण्याचा विचार केला, धमनीचा केला नाही.

आणि आता ते ‘अमेरिकेचं संशोधन’. आहे, खरंच आहे. ‘जामा डर्मटॉलॉजी’ या नियतकालिकात २०२१ साली आलेलं, मुराद आलम आणि सहकाऱ्यांचं. ३७० त्वचारोगतज्ज्ञांकडून त्यांच्या कामाची माहिती घेतली, सगळ्या मिळून सुमारे १७ लाख सिरिंज. जेलने रक्तवाहिनी बंद होण्याचं प्रमाण सुईने ६,४१० सिरिंजमागे १, कॅन्युलाने ४०,८८२ सिरिंजमागे १. बाकीच्या गोष्टींचा हिशेब घालून कॅन्युलाने धोका ७७ टक्के कमी. वहिनींच्या मजकुराला आधार आहे तो एवढाच, आणि तो मी मनापासून मान्य करते. कॅन्युला जास्त सुरक्षित आहे.

पण ४०,८८२ मध्ये १ म्हणजे शून्य नव्हे. तो १ कोणीतरी असतो. शिवाय त्याच लेखात आणखी एक आकडा आहे, तो रीलमध्ये कुणी घेतला नाही: ५ वर्षांहून जास्त अनुभव असलेल्यांच्या हातून हा अपघात होण्याची शक्यता जवळपास ७१ टक्के कमी होती. म्हणजे हत्याराने जेवढा फरक पडला जवळजवळ तेवढाच हाताने पडला. आणि ते ३७० जण कोण? सगळे रीतसर शिकलेले त्वचारोगतज्ज्ञ. पंधरा दिवसांचा कोर्स केलेली एकही त्यात नव्हती. त्यांचा आकडा घेऊन आपल्या पार्लरच्या काचेवर चिकटवायचा, म्हणजे शेजारच्या पोराची मार्कशीट आपल्या पोराच्या स्थळाला दाखवायची. तो अभ्यास आठवणीवर आणि स्वतः दिलेल्या माहितीवर उभा आहे हेही खरं, तेव्हा खरा आकडा थोडा इकडेतिकडे असू शकतो.

दुसरा मुद्दा आंधळेपणाचा. यावर मी रात्री भाचीशी पाऊण तास बोलले, म्हणून इथेही जरा लांबणार आहे.

तिला नाकच करायचं आहे. नाकाच्या कण्यावर एक छोटासा उंचवटा आहे, तो झाकण्यासाठी वरखाली जेल भरून रेघ सरळ करायची. (तो उंचवटा आमच्या आबांचा आहे, माझ्याही नाकावर आहे. पण ते तिचं नाक, तिची इच्छा.) चेहऱ्यावर फिलरसाठी सगळ्यात वाईट जागा कोणती असं मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी दोनच सांगेन: दोन भुवयांच्या मधली आणि नाक. नाकावरून आणि कपाळावरून जाणाऱ्या बारीक धमन्या आतल्या बाजूला डोळ्याच्या मुख्य धमनीला जोडलेल्या असतात, आणि त्याच धमनीची एक फांदी डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवते. ज्यांनी उसाला दारं धरली आहेत त्यांना पुढचं लगेच कळेल. सरीच्या खालच्या टोकाने मोटार लावून गाळाचं पाणी जोरात आत सोडलं तर ते सरीतून उलटं चढत पाटापर्यंत जाईल. मोटार बंद केली की पाटाचं पाणी तो गाळ उचलून शेजारच्या सरीत नेऊन टाकेल. इथे मोटार म्हणजे सिरिंजवरचा अंगठा. अंगठ्याचा जोर रक्ताच्या दाबापेक्षा वाढला की जेल धमनीत उलटं चढतं. अंगठा सुटला की रक्त ते पुढे ढकलतं, आणि शेजारची सरी म्हणजे डोळ्याचा पडदा.

यासाठी अख्खी सिरिंज लागत नाही. भुवईजवळच्या धमनीपासून डोळ्याच्या मागपर्यंतचा मार्ग भरायला ०.१ मिलीपेक्षाही कमी जेल पुरतं, असं शवांवर मोजून पाहिलं आहे. सिरिंज १ मिलीची असते. पडदा रक्ताशिवाय साधारण तास-दीड तास तग धरतो, पुढे नाही. दीड तासात नांदेडच्या पार्लरमधून कुठे पोचणार? आणि पोचलं तरी गेलेली नजर परत आल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

"पण हे सुईने होत असेल ना," भाची. जगभरच्या वैद्यकीय लेखांमधून फिलरने दृष्टी गेल्याच्या किंवा अधू झाल्याच्या घटना गोळा करणारा एक आढावा २०१५ साली निघाला, त्यात ९८ होत्या. २०१९ला पुढचा भाग आला, त्यात आणखी ४८. जागा पाहिल्या तर भुवयांमधली आणि नाक पुढेच. कॅन्युला वापरूनही असं घडल्याच्या नोंदी आहेत. करोडो सिरिंजच्या मानाने हा आकडा लहान आहे, मान्य. पण डोळे कुणाचेही दोनच असतात.

"आम्ही आधी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून बघतो, रक्त आलं नाही की भरतो," असंही त्या रीलच्या खाली कोणीतरी छातीठोकपणे लिहिलंय. लांब बारीक कॅन्युला, आत घट्ट जेल. टोक धमनीत असूनही रक्त मागे येत नाही असं होऊ शकतं. आलं तर थांबा. नाही आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

आता तिसरा मुद्दा, डॉक्टर कशाला हा. इथे माझा पारा चढतो, त्याचं कारण सांगते.

मागे एका उन्हाळ्यात एक बाई माझ्याकडे आली. नाकाच्या बाजूला, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जांभळट पट्टा, त्यावर पुवाच्या बारीक पुळ्या, आणि सगळ्यावर लालभडक गेरूचा लेप. सासूबाईंनी नागीण म्हणून लावला होता. सासूबाईंना मी दोष देत नाही, एका बाजूला पट्ट्यात उठलेल्या पुळ्या पाहून भल्याभल्यांना नागीण वाटते. गेरू धुतल्यावर मी विचारलं, चेहऱ्याला काही करून घेतलं होतं का? बराच वेळ ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याला बाहेर पाठवलं आणि बोलली. चार दिवसांपूर्वी एका ठिकाणी ‘हसण्याच्या रेघा’ भरून घेतल्या होत्या. कॅन्युलानेच. त्याच संध्याकाळी तिथे कातडी पांढुरकी पडली, मग जाळीसारखे निळसर डाग आले. तिने फोन केला तर उत्तर मिळालं, "ॲलर्जी आहे, बर्फ लावा, ॲलर्जीची गोळी घ्या." बर्फ! रक्त पोचत नाही म्हणून कातडी मरायला लागलेली, आणि वरून बर्फाने उरल्यासुरल्या शिरा आकसून टाकायच्या. तिथे गरम शेक द्यायचा असतो आणि पहिल्या काही तासांतच जेल विरघळवणारं इंजेक्शन भरपूर मारायचं असतं. चौथ्या दिवशी मी जे करता येईल ते केलं. डोळ्याला धक्का लागला नव्हता. नाकाच्या पाळीजवळ खड्डा राहिला तो राहिलाच.

कॅन्युला कुणाच्याही हाताला शिकवता येईल. पण जेल धमनीत गेलं आहे हे ओळखणार कोण? जेलमध्येच भूल मिसळलेली असते, म्हणून पेशंट लगेच दुखतंय असं म्हणतोच असं नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर पांढरं पडलेलं चटकन दिसतही नाही. बोटाने दाबून सोडायचं आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. दोन-तीन सेकंदांच्या पुढे गेलं की सगळं थांबवून उपचार सुरू. हे कुठल्या कोर्सच्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं? आणि कायद्याचं म्हणाल तर १९६१चा महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम आहे. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही, हत्यार टोकदार असो की बोथट.

पाचवा, विरघळतं हा. विरघळतं, पण हायल्युरॉनिक ॲसिडचं असेल तरच. कॅल्शियमचे कण असलेलं, पॉलिलॅक्टिक ॲसिडचं, कायमस्वरूपी म्हणून विकलेलं, ही या इंजेक्शनला दाद देत नाहीत. तुमच्या चेहऱ्यात काय भरलं ते डब्यावर लिहिलेलं असतं, म्हणून डबा बघायला मागा आणि त्यावरचं स्टिकर घरी घेऊन या. विरघळवणाऱ्या औषधाचं नाव हायल्युरोनिडेझ. ते मधमाशीच्या विषातही असतं, त्यामुळे ज्याला माशी चावून कधी अंगभर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल त्याने आधी सांगायला हवं. औषध दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भूल देताना डोळ्यांचे डॉक्टर ते वर्षानुवर्षं वापरतात, आपल्या जिल्ह्याच्या गावांतही मिळतं. म्हणजे फिलर करणाऱ्याच्या फ्रिजमध्ये ते नसेल तर त्याला सबब नाही.

सहावा, सुजेचा. इथे वहिनींना अर्धे मार्क. कॅन्युलाने काळंनिळं पडणं कमी होतं, दुखतंही कमी. पण कमी. भोक पाडणारी सुई शिरेला लागली तर डाग पडतोच, आणि जेल पाणी धरतं म्हणून दोन-चार दिवस जागा फुगलेली राहते. मी लग्नाच्या आधी किमान तीन-चार आठवडे मोकळे ठेवायला सांगते. दुपारी केलं आणि संध्याकाळी त्या ताज्या भोकावर पाच सवाष्णींच्या हातची हळद, हे कल्पनेतही नको.

जाता जाता, त्याच मजकुराच्या दुसऱ्या अवतारात ‘सुईही नाही, कॅन्युलाही नाही, पेनने दाबाने जेल आत’ असंही फिरतंय. ते तर घ्यायचंच नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रण संस्थेने २०२१ सालीच त्याबद्दल इशारा दिला आहे.

हे सगळं बोलून झालं तरी भाचीचं मन मानेना. लग्नातले फोटो तिला जन्मभर बघायचे आहेत, मला ते कळतं. मी म्हटलं, ठीक आहे, तू माझं ऐकू नको. त्यांनाच फोन लाव, स्पीकरवर ठेव, तीन गोष्टी विचार. करणार कोण आणि त्यांचा नोंदणी क्रमांक काय? फिलर कुठलं, डबा माझ्यासमोर फोडणार का? आणि जेल विरघळवणारं हायल्युरोनिडेझ किती ठेवलंय?

पहिल्याला उत्तर आलं, "आमच्या मॅडम करतात, त्यांचा हात लई हलका आहे." दुसऱ्याला, "कोरियन आहे, एक नंबर." तिसऱ्याला जरा वेळ शांतता. मग ती मुलगी म्हणाली, "हो मॅडम, आमच्याकडे सगळं हायल्युरॉनिकच असतंय."

भाचीने माझ्याकडे पाहिलं आणि अपॉइंटमेंट कॅन्सल करा म्हणाली. ॲडव्हान्स परत मिळत नाही म्हणे. त्या दोन हजारांत दोन फेशियल करून देतो म्हणाल्या.